अव्वाच्या झाडाला लाल पट्टा

१९ मे. सकाळी साडेसहाला लाल रंगाचा डबा, दोन इंची ब्रश आणि नागनाथला घेऊन मी संस्थेच्या सीताफळाच्या बागेत शिरले. नऊनंतर या दिवसांत तिथे उभं राहवत नाही, हे तुला सांगायला नको. काम सोपं होतं. तपासणीत जी झाडं दुसऱ्या एखाद्या झाडासारखीच निघाली, त्यांच्या बुंध्याला पट्टा मारायचा. पट्टा मारलेली झाडं नागनाथ आणि त्याची माणसं काढणार, तिथे खड्डे घेणार, आणि रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये ताटकळत उभी असलेली नवीन कलमं पाऊस लागायच्या आत जमिनीत जाणार. पाणी तेवढंच, जागा तेवढीच. म्हणून एका प्रकारचं एकच झाड ठेवायचं, हा नियम आपण दोघींनी केला होता, महादेवी. मी लिहिला, तू खाली सही केलीस.

चार-पाच झाडं झाल्यावर तेहेतीस नंबर आला.

नागनाथ ब्रशकडे बघत म्हणाला, "म्याडम, हे बी?"

"हे पण डबलच आहे."

"तसं न्हाय, म्हंजी... ताईंचं हाय न्हवं का ते?"

"झाड संस्थेचं आहे, नागनाथ."

तो डबा धरून उभा राहिला. मी खाली बसले आणि पट्टा मारला. आजच्या सगळ्या झाडांमध्ये तुझ्याच झाडाचा पट्टा सगळ्यांत नीट आला. एक थेंब ओघळला नाही. माझा हात कशानेही थरथरत नाही म्हणून तू मला नेहमी चिडवायचीस. म्हणायचीस, "उषा, तू लग्नात अक्षता बी मोजून टाकल्या असशील." मोजून नव्हत्या टाकल्या. पण आज मला माझ्या हाताचा राग आला.

एखादी गोष्ट बरोबर केल्यावर इतकं वाईट वाटतं, हे मला माहीत नव्हतं. चूक झाली की मी ती दुरुस्त करते आणि पुढच्या कामाला लागते. इथे दुरुस्त काय करायचं तेच दिवसभर सापडत नव्हतं.

आपली कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. तू गावोगाव हिंडायचीस, मी प्रयोगशाळेत असायचे. जिल्ह्यात लोकांनी लावलेली, जपलेली सीताफळं खरोखर किती प्रकारची आहेत आणि नुसती नावंच किती वेगळी आहेत, एवढा आपला प्रश्न. तू झाडाची कोवळी पानं खुडून बर्फाच्या डब्यात घालून आणायचीस. मी ती कुटून त्यांतला डीएनए काढायचे, मशीनमध्ये घालायचे आणि मग जेलवर त्याच्या रेघा उमटायच्या. ज्या दोन झाडांच्या रेघा त्याच जागी उमटतील आणि त्याच जागी मोकळं राहील, ती दोन झाडं एकच. मग एक मालक त्याला हिरा म्हणो आणि दुसरा दगड.

नंबर द्यायचे की नावं लिहायची, यावर आपलं पहिलं भांडण. मी म्हणायचे, नाव लिहिलं की मन झुकतं. पाकिटावर नंबर टाक, बास. तू नंबर टाकायचीस आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात घरचे लोक त्या झाडाला काय म्हणतात ते लिहायचीसच. 'विहिरीवरचं.' 'सासूचं.' 'न फुटणारं.' एका पाकिटावर तर 'भांडणाचं' असं होतं, कारण झाड दोन भावांच्या बांधावर होतं आणि फळ कुणाचं यावरून दोघं बोलत नव्हते. त्या दोघांशीही चहा पिऊन तू पानं आणलीस.

एकदा मीही तुझ्याबरोबर करमाळ्याच्या बाजूला आले होते. एका घरामागे आपण दोघी पानं खुडत होतो आणि घरातली म्हातारी दारात येऊन विचारायला लागली, "ह्या पानाला शेरडं तोंड लावत न्हाईत. तुमी कशाला नेताय?" मी डीएनए म्हणजे काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "आमच्या म्याडमच्या डोस्क्यात उवा झाल्यात, आज्जी. लई." म्हातारीने मला जवळ घेतलं, बिया कशा वाटायच्या ते सांगितलं, डोळ्यांत जाऊ देऊ नको म्हणून बजावलं आणि एक पिशवीभर बिया दिल्या. परत येताना गाडीत मी तुझ्याशी बोलले नाही. तू कडक भाकरी मोडून तिच्यावर शेंगाची चटणी घालून माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "खा. डोकं खाजवू नको फक्त."

आता हे आठवून हसू येतं, आणि हसू येतं म्हणून पुन्हा अपराधी वाटतं.

तेहेतीस नंबरचं झाड तू मैंदर्गीहून आणलंस. तुमच्या घरामागे रस्त्याला लागून ते उभं होतं, तुझ्या आईने लावलेलं. आईला तुम्ही अव्वा म्हणायचा, म्हणून झाडाचं नाव अव्वाचं. रस्ता रुंद होणार आणि झाड जाणार असं कळल्यावर तू रजा टाकून गेलीस, कलमासाठी डोळकाड्या काढल्यास, ओल्या फडक्यात गुंडाळल्यास आणि एस.टी.त मांडीवर घेऊन आलीस. अक्कलकोटला गाडी बदलताना कुणी तरी विचारलं, बाळ किती महिन्यांचं? तू म्हणालीस, "आजच झालंय." इथे आल्यावर त्या काड्या तू स्वतः बांधल्यास. सातांपैकी एकच कलम जगलं. वर्षभरात मैंदर्गीचं झाड रस्त्यात गेलं आणि अव्वाही गेली. तेव्हापासून ते एकच.

तुझं म्हणणं असं की अव्वाचं फळ वेगळं आहे. त्याचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पिवळट झाल्या, तरी फळ झाडावर तडकत नाही, आणि काढून ठेवलं तर घरात जास्त टिकतं. मी म्हणायचे, तुझी आई ते ज्वारीच्या कणगीत घालून ठेवायची, त्यामुळे टिकत असेल. तू म्हणायचीस, "आमची कणगी तुज्या फ्रीजपेक्षा भारी असंल तर त्याचं बी पान आणते."

मग तपासणी झाली. अव्वाच्या झाडाच्या रेघा आठ नंबरच्या झाडाशी तंतोतंत जुळल्या. आठ नंबर माझं. केम गावात माझ्या सासऱ्यांनी बाग लावली होती, बाजारात चालतो तोच नेहमीचा वाण, तिथून मी कलम आणून इथे लावलं होतं, अगदी सुरुवातीला, बाग नुसती आखलेली होती तेव्हा. सगळ्या नमुन्यांची तुलना आपण त्याच्याशी करत आलो. मी तपासणी पुन्हा केली, नवीन पानं घेऊन. पुन्हा तेच. मग तुला फोनवर दोन ओळी लिहून पाठवल्या: तेहेतीस आणि आठ एकच. तेहेतीस डबल धरते.

त्या दिवशी तुझा केमोचा तिसरा का चौथा डोस होता. मला ते माहीत होतं. पण निकाल आला की त्याच दिवशी कळवायचा, ही माझी पद्धत. आजारी माणसाला निकाल लपवून ठेवणं मला अपमानाचं वाटतं. अजूनही वाटतं. पण दोन ओळींच्या जागी मी घरी येऊन सांगितलं असतं तरी निकाल बदलला नसता, आणि तुझ्या खोलीत एक खुर्ची रिकामी राहिली नसती.

शेवटी आले मी, आठवड्याने. तुझ्या डोक्यावर ती जांभळी टोपी होती. नवऱ्याला तू चहा टाकायला पाठवलंस आणि म्हणालीस, "फोटो आणलास?"

जेलचा फोटो मी आणला होता. तू चष्मा लावून तो बराच वेळ बघितलास. मग म्हणालीस, "व्हय. सारखीच दिसत्यात."

मला बरं वाटलं. वाद नको होता.

"पण उषा, कोण कुणासारखं हाय, ते मशीन सांगतंय का?"

"म्हणजे?"

"म्हंजी अव्वाचं झाड तुज्या झाडासारखं हाय, का तुजं अव्वाच्या झाडासारखं?"

"अगं, एकच आहेत. त्यात कोण कुणासारखं असं काही नसतं."

"हौदा?" तू म्हणालीस. खरंच का, असं विचारायचं असलं आणि उत्तर माहीत असलं की तू कानडीत शिरायचीस. "मग तुजं काढ की."

मी म्हणाले, आठ नंबर प्रमाण आहे. सगळी तुलना त्याच्याशी आहे, सगळ्या कागदांत तेच आहे.

"कागद बदल."

"असं नाही होत, महादेवी."

"का न्हाय? दोन सारखी असली की एक काढायचं, एवढंच लिवलंय आपण. कुठलं काढायचं ते न्हाय लिवलं. मी सही केली तवा वाचलं होतं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, तू आजारपणाचा फायदा घेते आहेस असं माझ्या मनात आलं. मी म्हणाले, "नियम करताना तुझ्या डोक्यात तुझ्या आईचं झाड नव्हतं का?"

तू हसलीस. "व्हतं की. म्हणून तर नीट वाचलं."

तेवढ्यात चहा आला. मी तो अर्धा प्यायले, मशीन चालू ठेवून आलेय म्हणून उठले. मशीन खरंच चालू होतं. ते आपोआप बंद होतं, हे तुलाही माहीत होतं.

त्यानंतर मी तुझ्याकडे येत राहिले. आपण तुझ्या मुलाच्या नोकरीबद्दल बोललो, डॉक्टरांबद्दल बोललो, माझ्या गुडघ्याबद्दल तर नको इतकं बोललो. झाडाबद्दल एक अक्षर नाही. फक्त एप्रिलमध्ये, तुझा आवाज खूप बारीक झाला होता तेव्हा, फोनवर तू विचारलंस, "पालवी फुटली का?"

"फुटली."

"कुणाला?"

"दोघांनाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणालीस आणि नवऱ्याच्या हातात फोन दिलास. आपलं शेवटचं बोलणं हे. मी तिथे काही तरी म्हणायला हवं होतं. तू दार किलकिलं करून ठेवलं होतंस. मी आत आले नाही.

तू गेल्यावर तुला मैंदर्गीच्या शेतात समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तुमच्यात बसवतात तसं. विभूती लावली होती, चेहरा ओळखीचा होता, फक्त कंटाळलेला. मी बेलाची पानं टाकली, मूठभर माती टाकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही आणि तुझ्याकडच्या बायकांनी ते बघितलं. परतताना तुझी धाकटी बहीण शकुंतला माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली.

"अक्का, अव्वाचं झाड तुमच्याकडं हाय ना अजून?"

"आहे."

"महादेवी म्हणायची, फळं लागली की उषाक्काकडं जाऊन खाऊ. ती तर गेली. आमी येतो. चालंल ना?"

"चालेल," मी म्हणाले. गाडीत बसले. अक्कलकोट येईपर्यंत मी ड्रायव्हरशी डिझेलबद्दल बोलत होते. त्या वेळी पट्ट्याचं काम पुढच्या आठवड्यावर आलं होतं, आणि ते मला चांगलं माहीत होतं.

आणि तरी आज मी पट्टा मारला.

दुपारी प्रयोगशाळेत दार लावून तो फोटो पुन्हा काढला. तुझ्यासारखा बराच वेळ बघितला. दोन रांगा. वरचे नंबर बोटाने झाकले आणि विचारलं, यातली अव्वाची कुठली? मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आले की नंबर झाका, नाव विसरा, मग बघा. स्वतःच्या झाडाचा नंबर मात्र मी कधी झाकला नव्हता. आठ आधी आलं म्हणून ते अस्सल, तेहेतीस नंतर आलं म्हणून ती नक्कल. हे मशीनने सांगितलं नव्हतं. हे मी ठरवलं होतं.

मग मी तेच केलं जे मला जमतं, नुसता हिशोबी विचार. तुझा विचार बाजूला ठेवला, तुझी टोपी बाजूला ठेवली, अव्वा बाजूला ठेवली. कुणी तरी परका माणूस हे दोन नमुने घेऊन आला आहे असं धरलं. आठ नंबर काढलं तर काय जातं? काही नाही. तोच वाण केमला सासऱ्यांच्या बागेत आहे, शेजारच्या बागांत आहे, उद्या हवा झाला तर कुठल्याही रोपवाटिकेत कलम मिळेल. तेहेतीस काढलं तर? ते दुसरीकडे कुठेच नाही. आणि आपण डीएनएतल्या मोजक्या जागा तपासतो, सगळ्या नाही. उद्या कुणी जास्त बारकाईने बघितलं आणि टिकण्याच्या बाबतीत तुझं म्हणणं खरं निघालं, तर तेव्हा दाखवायला झाड नसेल. तुझं म्हणणं खोटं निघालं तरी आपलं नुकसान शून्य.

पाच मिनिटांचं गणित आहे हे. एखाद्या नव्या विद्यार्थिनीने माझ्यापुढे आणलं असतं तर मी लगेच म्हटलं असतं, मग विचार कसला करतेस, आठ काढ. तुझ्या खोलीत चहाचा कप हातात घेऊन मी ते का केलं नाही, याचं एकच उत्तर येतं. आठ माझं होतं. आणि गणित तू मांडलं होतंस, आईचं नाव घेऊन, म्हणून मला ते गणित वाटलंच नाही, हट्ट वाटला. हट्ट माझा होता, महादेवी, आणि मी त्याला प्रमाण म्हणत होते.

तू बरोबर होतीस की नाही, फळाच्या बाबतीत, ते मला आजही माहीत नाही. तू गेलीस म्हणून मी ते मान्य करणार नाही. अव्वाचं फळ कणगीमुळेच टिकत असेल, असं मला अजून वाटतं. तू असतीस तर यावर आपण पुढचा हंगामभर भांडलो असतो आणि मला ते भांडण हवं होतं. पण तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढं साधं वाक्य मी तुला म्हणायला हवं होतं: माझ्याकडे उत्तर नाही. ते म्हणायला आठवड्यातून एकदा येत होते मी, आणि दर वेळी गुडघ्याबद्दल बोलून परत जात होते.

तुझ्यामुळे मला पाकिटांवरची ती बारीक अक्षरं वाचायची सवय लागली, हेही कधी सांगितलं नाही. निकाल लागल्यावर, सगळं नोंदवून झाल्यावर, मी ती वाचायचे. 'भांडणाचं' झाड कुणाशीही जुळलं नाही, एकटंच निघालं, तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटी हसले होते. तुला सांगितलं असतं तर तू आणखी चढली असतीस.

२० मे. सहाच्या आत बागेत पोचले. पिशवीत टर्पेंटाइन, जुनं फडकं, तारेचा ब्रश. अव्वाच्या झाडापुढे बसून पट्टा घासला. सालीच्या खाचांमधला रंग निघाला नाही, फिकट लाल कडं राहिलं. राहू दे म्हटलं.

नागनाथ आला तेव्हा मी आठ नंबरच्या बुंध्याला पट्टा मारत होते.

"म्याडम, हे तर तुमचं."

"डबल आहे."

त्याने एकदा तेहेतीसकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मंग कुठलं तरी एकच काडायचं ना?"

"एकच. हे."

"आजच?"

"आत्ताच. तू करवत आण."

करवत चालू झाली तेव्हा मी ऑफिसात गेले नाही. तिथेच उभी राहिले. पालवी कोवळी होती, पडताना आवाज फारसा झाला नाही. पडल्यावर मी फांद्यांमधून हात घालून आठ नंबरची पत्र्याची पाटी सोडवली आणि पिशवीत टाकली. मग ठिबकची नळी त्या बुंध्यापासून बाजूला घेतली, टोक दुमडून बांधलं, आणि पाणी सुरू करून तेहेतीसपाशी बसले. थेंब पडायला लागला.

तिथूनच शकुंतलेला फोन लावला. म्हटलं, नवरात्राच्या सुमाराला फळं तयार होतील. या तुम्ही सगळे. पण पाच फळं खायची नाहीत. ती कणगीत न घालता माझ्या टेबलावर ठेवायची आहेत, आणि त्यांच्या शेजारी केमची पाच.